खाऱ्या पाण्याचं बारं

१

घरात लाईट असली की भटूचा दिवस दोन कॉकमध्ये जायचा. डावा उघडायचा, उजवा बंद करायचा. थोड्या वेळाने उजवा उघडायचा, डावा बंद.

मागच्या खोलीत विटांच्या थरांवर शहाबादी फरशी आणि फरशीवर काचेची टाकी. टाकीत मुंबईहून पॅसेंजरने, कॅन भरभरून आणलेलं समुद्राचं पाणी. तळाला वाळू, वाळूवर कौलाचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेलं पोवळ्याचं एकेक कलम. दागिन्यातलं लाल पोवळं नव्हे. हे जिवंत, मातकट, बोटाएवढं. अंगभर बारीक तोंडं. पाणी हललं की तोंडं उघडतात, थांबलं की मिटतात.

पोवळ्याला पाय नसतात. खाणं पाण्याने आणून द्यायचं, घाण पाण्यानेच न्यायची. एकाच बाजूने पाणी मारत राहिलं तर मागची बाजू गुदमरून मरते. म्हणून पाणी झुलायला पाहिजे. भटूने एक लहान बुडता पंप लावला होता, त्याला ठिबकच्या दोन काळ्या नळ्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. नळ्या शेतातल्याच होत्या. शेतातून आणलेली कामाची वस्तू तेवढीच.

कॉलेज त्याने दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. बेडकाचं पोट फाडायला शिकवणारा मास्तर वीस वर्षांपूर्वीची वही वाचून दाखवायचा, आणि त्याला सर म्हणायचं. भटू उठला आणि मुंबईला गेला, एका माशांच्या दुकानात लागला. तिथे त्याचा हात बसत होता. तेवढ्यात थंडीत थोरला भाऊ गिरधर शेतात करंट लागून गेला आणि बापाने, आबाने, निरोप धाडला, घरात एक तरी आंडोर पाहिजे. एक तरी मुलगा! जसा काही नवा फुटला म्हणून जुना माठ काढलाय.

शेत बटाईने देऊन आबा अमळनेरला रेल्वेपलीकडच्या या दोन खोल्यांत येऊन बसला होता. दुकानवाला शेठ मात्र भटूला सोडताना बोलला होता, "आखाजीनंतर ये. घरी वाढवलेली जिवंत कलमं घेऊन ये. तुझी जागा पक्की, माळ्यावर झोप."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. कलमं जगली तर भटू या घरातून सुटणार होता. इतका साधा हिशोब होता.

२

आबा दुपारभर टाकीसमोर बसायचा. कूलरचा वारा त्याच्यासाठी नव्हता, टाकीसाठी होता. अमळनेरच्या उन्हाळ्यात पाणी उकळायला वेळ लागत नाही. पण आबाला वाटायचं घरात जे आहे ते आपल्यासाठीच आहे.

"हाई काय करस रे तू? दिवसभर इकडलं पानी तिकडे?"

"प्रवाह बदलतो."

"काय बदलस?" आबा हसला. "अरे येड्या, हाई ते बारं देनं शे. एक वाफा भरना, बांध फोडा, दुसऱ्यामा सोडा. शेतमा तुले लाज वाटे. आन आते काचमा देस!"

भटूचे कान तापले, कारण ते खरं होतं. सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याने बारे द्यायला जायचं टाळलं होतं. जायचा तो गिरधर.

"गिरधरनी अंगठीमाबी पोवळंच व्हतं," आबा म्हणाला. "मंगळनं. धुळाना जोशीनी दियेल." त्याने बंडीच्या आतल्या खिशातून चिंधी काढली. चिंधीत तांब्याची अंगठी, वर वाटाण्याएवढा लाल खडा. "हाईच का हाई?"

"जात तीच. पण तो खडा मेलेला आहे. जनावराचं हाड आहे ते, घासून गुळगुळीत केलेलं. लग्न जमावं म्हणून हाड बांधलंत तुम्ही त्याच्या बोटाला."

आबाला हाड हा शब्द लागला नाही. तो टाकीकडेच बघत होता. "आन तू त्या तुकडा तोडीसन लावस, त्या जगतस?"

"जगतात."

"केळना मुनवासारखं, बुडना कोंबसारखं."

"हो."

"मंग हाऊ लावा तर?"

भटू हसला. वाईट हसला. "लावून बघा," तो म्हणाला. "खत पण घाला."

मधल्या दारात माय उभी होती. आबाने चिंधी परत बांधली.

३

लाईट दुपारी जायची. आधी गल्लीतले सगळे कूलर एका दमात बंद पडायचे, मग अशी शांतता व्हायची की कुत्र्याचं धापणं ऐकू यावं. अशा वेळी भटू प्लास्टिकच्या मगाने पाणी हलवत बसायचा. हात भरून यायचा.

त्या दिवशी तो बॅटरीचं पाणी आणायला स्टेशन रोडला गेला होता. टाकीतलं पाणी उडून खारेपणा वाढतो, मग तेवढं शुद्ध पाणी भरावं लागतं. परत येताना दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली आणि पंखे थांबलेले पाहून तो पळाला. लाईट जाऊन बराच वेळ झाला असावा. कलमं मिटली असणार, टाकीला वास सुटला असणार.

मागच्या खोलीत कोणी नव्हतं. आबाचा पाट रिकामा होता.

कलमं उघडी होती. झाडून सगळी. इतकी टवटवीत त्याने ती कधी पाहिली नव्हती. सगळी तोंडं डावीकडे कललेली.

पंप बंद. भटूने काचेला हात लावला, थरथर नव्हती. पाणी डावीकडे चाललं होतं. मग थांबलं. एक श्वास, दोन श्वास. मग सगळी तोंडं एकत्र उजवीकडे कलली.

त्याने चिमूटभर माशांचं खाणं पाण्यावर टाकलं. कण डावीकडे गेले, मध्येच कोणी हात आडवा धरावा तसे उभे राहिले, मग वळले.

ऊन खिडकीच्या बाजूला आहे, त्याने स्वतःला सांगितलं. त्या बाजूचं पाणी तापतं, वर येतं, गार पाणी खाली सरकतं. पुस्तकात आहे. मागच्या रुळावरून मालगाडी गेली असेल, जमीन हादरली असेल. तेही आहे.

पण तापलेलं पाणी थांबत नाही. आणि थांबायच्या त्या दोन श्वासांत त्याला आवाज आला, हलका, ओला. खच्. मग पुन्हा खच्. चिखलात फावडं जावं तसा.

लाईट आली. कूलर घरघरला, पंप सुरू झाला. पाण्याने एक झोका खाल्ला आणि ते साधं पाणी झालं.

४

दोन दिवसांनी कलमं मरायला लागली.

आधी उजव्या टोकाची. तोंडं आत गेली, अंगावरून शेंबडासारखा थर सुटला, खाली पांढरं हाड उघडं पडलं. भटूने पाणी बदललं, कूलरसमोर बर्फाच्या पिशव्या टांगल्या, कॉक सारखे फिरवत राहिला. संध्याकाळी मधली रांग गेली. खारेपणा ठीक होता, उष्णता ठीक होती. मग त्याला दुकानातली गोष्ट आठवली. माशांना रोग झाला की पाण्यात तांबं घालतात. पोवळ्याच्या टाकीत तांब्याचा चमचाही बुडवायचा नाही, कारण पोवळ्याला ते विष.

"माय! तांब्या बुडवलास का ह्याच्यात?"

"मी कसाले बुडाडू? मी त्या खोलीमा येत नही." तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "तूबी 'मी तठे जात नही' असं म्हनानं शिक, बापू. मी कधीनी शिकनू."

भटूने बटण बंद केलं, बाही वर केली आणि कौलांचे तुकडे एकेक उचलले. डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात मागे, वाळूत ती रोवलेली होती. तांब्याची अंगठी, खडा वर.

खडा आता गुळगुळीत नव्हता. तो फुगला होता. त्यावर तोंडं आली होती, बारीक, ओली, लाल. तीच कलली होती. बाकी टाकीत पाणी निश्चल होतं आणि ती एकटी कललेली होती.

मेलेलं पोवळं उगवत नाही. भटू दुसऱ्या वर्षात नापास झाला नव्हता, सोडून आला होता. त्याला ठाऊक होतं, उगवत नाही. मरतुकड्या कलमातून सुटलेले कण खड्यावर जाऊन चिकटले असतील, असं त्याने मनाशी मांडून पाहिलं. मग तांब्यावर ते कसे जगले, हे त्याला मांडता आलं नाही. त्याने अंगठीला चिमटीत धरलं.

"हात नको लावू!"

आबा कधी आला कळलं नाही. त्याने भटूचं मनगट असं धरलं की पाणी फरशीवर सांडलं. सत्तरीच्या माणसाची पकड नव्हती ती.

"तुम्ही माझी सगळी कलमं मारली!"

"कोंब उना शे त्याले," आबा हळू बोलला, झोपलेल्या मुलाशेजारी बोलावं तसं. "तूच सांगं व्हतं ना, लावीसन देखा."

"मुंबईची माझी जागा गेली, आबा!"

"तू कुठे जास?" आबा म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं की भटू कुठे जाऊ शकतो.

५

आबा अंगठी काढू देत नव्हता, तरी भटू एक शेवटचं कलम वाचवत होता. टाकीत हात घातला की झिणझिण्या यायला लागल्या म्हणून त्याने गावाकडच्या धनसिंग वायरमनला बोलावलं. धनसिंगने टेस्टर पाण्याला लावला, तो पेटला.

"करंट उतरस बाबा पंपमातून. खारं पानी शे, मीठ वायरले खाई गयं. मासा पाळाना का फाशीना फंदा?" तो स्वतःच हसला. "नवा पंप आखाजीनंतर मिळी. तवलोंग बटन बंद कऱ्याबिगर हात घालजो नको. तुन्ही माय आधीच एक पोऱ्या गमाडी बसेल शे."

"भाऊचं तेच झालं ना," भटू म्हणाला. "ओल्या हाताने स्टार्टर दाबला."

टेस्टर खिशात घालता घालता धनसिंग थांबला. "कोन म्हनस?"

"आबा."

धनसिंगने दारातून पुढच्या खोलीकडे पाहिलं. मग मराठीवर आला, गावातले लोक ऑफिसात बोलतात तसा. "हे बघ, मी तुमच्या शेतावर पहिला पोचलेलो माणूस. गिरधर स्टार्टरपाशी नव्हता. तो पार विहिरीच्या कडेला पाइप धरून पडेल होता. पाइप लोखंडी, मोटारीची केबल त्याले घासायेल. स्टार्टर मोटारीच्या घरात, भिंतीवर. आता तूच शिकेल माणूस शे. तिकडे पाइप धरणारा इकडे स्टार्टरची दांडी कशी ओढेल?"

भटूने टाकीतल्या पंपाकडे पाहिलं.

"आवाज द्यायची पद्धत होती त्यांची," धनसिंग म्हणाला. "पाइप बसवला, बांध नीट झाला की आबा घरातून विचारायचा, पानी सोडू का? नाही, तसं नाही. तो आपला जुन्या मोटच्या काळातला, तो विचारायचा, पानी उनं का रे? पाणी आलं का, म्हणजे तयार का. आणि गिरधर तिकडून म्हणायचा, उनं! मग दांडी ओढायची. बठ्ठ्या शिवारले ऐकू जायचं. त्या दिवशी कोणी 'उनं' ऐकलं नाही." त्याने पिशवी उचलली. "मी काही बोलेल नही. पैसा नंतर दे."

६

भटू आबाला विचारणार होता. तोंडावर विचारणार होता, गल्ली गोळा झाली तरी. दुपारी लाईट गेली तेव्हा तो मधल्या दारापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

खोलीत खिडकीची एक फट उघडी होती. आबा पाटावर बसला होता, गुडघ्यांवर हात, काचेला नाक लागेल इतका जवळ. पाणी डावीकडे चाललं होतं. थांबलं. खच्. खच्.

"पानी उनं का रे?" आबाने विचारलं.

मोठ्याने नाही. पण विचारून झाल्यावर तो थांबला, आणि भटूने जन्मात पहिल्यांदा पाहिलं की त्याचा बाप कोणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. मान पुढे. ओठ उघडे. गालावरचा घाम पुसायचं भान नाही.

पाणी वळलं. उत्तर आलं नाही.

"पानी उनं का रे, गिरधर?"

पुन्हा डावीकडे, पुन्हा थांबणं. भटूला वाटलं, आपण आता ओरडावं. तुम्हीच मारलंत त्याला, असं म्हणावं. सगळे शब्द तयार होते. पण त्या शब्दांना जायला जागाच नव्हती. आबाला ते माहीत होतं. आबा दुसरं काही करतच नव्हता.

माय चुलीपाशी होती. भटू तिच्याजवळ जाऊन बसला.

"तुला माहीत होतं?"

ती सांजोरी वळत होती. "घागर भरू देत नही तो," एवढंच म्हणाली. आखाजीला मेलेल्याच्या नावाने घागर भरतात, वर खरबूज आणि आंबा ठेवतात. पाणी मिळालं की माणूस पितरांत जाऊन बसतो. "म्हनस, मन्हा आंडोर पितर नही. त्यानं पानी तठे शे, काचमा. अरे, पानी दिधं तर माणूस जास. कोंडी ठेवं तर..." ती सांजोरीची कड बोटांनी दाबत गेली. "तू ती अंगठी माले काढी दे. मी घागरमा टाकसू. जाऊ दे त्याले. मंग तू बी जाय बंबईले."

७

आखाजीला गल्लीत झोके बांधले होते. माहेरी आलेल्या पोरींची गाणी भिंतीवरून येत होती. मायने नवी घागर चुलीमागे झाकून ठेवली होती. आबाला पुढच्या खोलीत जेवायला बसवलं, पुरणपोळी वाढत राहिली, तूप वाढत राहिली.

लाईट गेलेलीच होती. तरी भटूने भिंतीवरच्या बोर्डाचं बटण वर-खाली करून पाहिलं, बंद केलं. मग बाही वर केली.

शेवटचं कलमही पांढरं पडलं होतं. टाकीत आता एकच जिवंत वस्तू होती. ती वाळूतून वर आली होती, बोटाएवढी, आणि वाकली होती, काहीतरी धरून ठेवल्यासारखी. अंगठी तिच्या बुडाशी अडकली होती. भटूने तिच्याकडे नीट पाहिलं नाही. आपण हात घालू, ओढू, बाहेर काढू, एवढंच मनात ठेवलं.

पाणी गार होतं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि हे विहिरीच्या तळाचं पाणी असावं तसं गार. पाणी डावीकडे चाललं होतं, त्याच्या मनगटाभोवती वळलं आणि थांबलं. त्याने चिमटीत धरलं. अंगठी सुटली, अगदी सहज सुटली, त्याच्या करंगळीशेजारच्या बोटावर आली आणि चढली. त्याने ती घातली नव्हती.

त्याने हात ओढला. हात आला नाही.

दुखत नव्हतं. कोणी करकचून धरलं नव्हतं. माणूस काम करता करता दुसऱ्याच्या हातात पाइप देतो, जरा धर म्हणतो, तसं काहीतरी त्याच्या मुठीत दिलं गेलं होतं आणि मूठ मिटली होती. ती उघडत नव्हती. भटूने खांदा लावला, पाय विटांना रोवला. फरशी हललीसुद्धा नाही.

"माय," तो म्हणाला. आवाज फार मोठा निघाला नाही.

गल्लीत पोरी ओरडल्या, आणि पाठोपाठ सगळे कूलर एकदम घरघरले. लाईट आली होती.

बटण बंद आहे, भटूने स्वतःला सांगितलं. बटण बंद आहे.

मधल्या दारात आबा आला होता. हाताला तूप, मिशीला पुरण. मागे मायने त्याचा सदरा धरला होता आणि ती त्याला जाणवतही नसल्यासारखा तो पुढे येत होता. त्याने टाकीत पाहिलं. पाण्यातला हात पाहिला, हातातली अंगठी पाहिली. भटूचं तोंड पाहिलं नाही. मग तो भिंतीकडे गेला, बोर्डापाशी उभा राहिला आणि त्याचं जाड, तुपकट बोट बटणावर टेकलं.

"आबा, नको. आबा, मी भटू. मी धाकला. करंट उतरतो त्याच्यात, धनसिंगला विचारा. आबा!"

हे सगळं त्याने म्हटलं, असं त्याला वाटलं. ओठ हलल्याचं त्याला जाणवलं नाही.

खच्, आवाज आला. खच्. बांध फुटला. टाकीतलं सगळं पाणी एका बाजूला कललं.

"पानी उनं का रे?" आबाने विचारलं.

आणि तो थांबला. या खेपेला तो घाई करणार नव्हता. मान पुढे, ओठ उघडे, डोळे भरलेले. लागेल तेवढा वेळ उभा राहिला असता तो. उत्तर आल्याशिवाय त्याने दांडी ओढली नसती.

भटूने दात आवळले. जीभ टाळूला लावून धरली. त्याला फक्त गप्प राहायचं होतं. जन्मभर बापाला उलट बोलून झालं होतं, आता एकदा नुसतं गप्प राहायचं होतं.

पाणी त्याच्या मनगटावरून कोपरावर चढलं, कोपरावरून खांद्यावर, आणि गळ्यापाशी येऊन भरलं. वाफा भरतो तसं. मग त्याचे दात आतून कोणीतरी हळूच फोडले, बांध फोडतात तसे, आणि त्याच्या तोंडातून, शिवारभर ऐकू जाईल अशा मोकळ्या, थोरल्या आवाजात उत्तर गेलं.

"उनं!"

आबाचा चेहरा लहान पोरासारखा उजळला.